पुरुषोत्तम गाजवलेली मुलं पुढे कुठे जातात? मोठा नट व्हायला नेमकं लागतं काय?

रंगीत_तालीम (धागाकर्ता)

पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, फेऱ्या सुरू झाल्या की सदाशिव पेठेतल्या त्या गल्लीला रोज 'आव्वाज कुणाचा' ही पोरांची आरोळी ऐकावी लागते. १९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासकने सुरू केलेली ही स्पर्धा मी बरीच वर्षं मागच्या रांगेत बसून बघतोय. दर वर्षी दोन-चार पोरं-पोरी अशी दिसतात की शेजारचा अनोळखी माणूस वळून विचारतो, "कोण हो हा?" त्यातली बहुतेक पुढे दिसत नाहीत. नोकरी, घरची परिस्थिती, परदेश ही कारणं मी धरतच नाही. जे याच धंद्यात राहिले, मुंबईला गेले, मालिकांत लागले, त्यांच्यातलेही कितीतरी जण विसाव्या वर्षी जिथे होते तिथेच चाळिशीत असतात. तसाच आवाज चढवणं, तशीच वाक्याच्या शेवटी मान झटकणं.

माझं म्हणणं मांडतो, मग खुशाल फाडा. एकांकिका गाजवायला लागणारा गुण वेगळा आणि मोठा नट व्हायला लागणारा वेगळा. एकांकिकेमागे दोन महिन्यांची तालीम असते, दिग्दर्शकाने बोट धरून बसवलेली प्रत्येक हालचाल असते आणि समोर आपलंच कॉलेज टाळ्यांना टपून बसलेलं असतं. सगळा दारूगोळा एका संध्याकाळी उडवायचा. मोठ्या नटाची परीक्षा मधल्या वारी, पाऊस पडत असताना, अर्ध्या रिकाम्या थिएटरात, शंभराव्या प्रयोगाला होते. सहकलाकार तापाने फणफणलेला आहे, समोरचा प्रेक्षक जेवून आलाय आणि पेंगतोय. तरीही दुसऱ्या अंकात दार उघडून बाई आत आली की त्याला ती आत्ताच, पहिल्यांदाच दिसलीय असं वाटलं पाहिजे. उत्साह तिथे कामाला येत नाही. पक्कं बसवलेलं काम दर वेळी ताजं करायचं, ही एक वेगळीच तयारी आहे आणि आपल्याकडे ती कुणी शिकवत नाही.

बाकी सगळे गुण, म्हणजे आवाज, शरीर, निरीक्षण, वाचन, मला याच एका गोष्टीसाठी लागणारी हत्यारं वाटतात. तुमचं काय मत?

नारायणपेठी

'मोठा नट' कोण ते आधी ठरवा. ज्याचं पोस्टर मोठं तो की ज्याचं काम मोठं तो? नाहीतर दोनशे प्रतिसाद होतील आणि सगळे वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत असतील. या संस्थळावर हे झालेलं आहे.

रंगीत_तालीम

काम मोठं तो. पोस्टरचं प्रिंटरला विचारा.

ऑर्गनवाला

धागा चांगला काढलात. शंभराव्या प्रयोगाचा मुद्दा पटला, पण जुन्या लोकांकडे बघितलंत तर हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवून ठेवलाय. नाटक कंपनीचा नट वर्षानुवर्षं तीच भूमिका गावोगाव करायचा, माईक नव्हता, आणि पदाला वन्स मोअर आला की पुन्हा गायचा. पुन्हा गाताना तेच गायचं नाही, हे तर संगीत नाटकाचं व्याकरणच होतं. तीच चीज, जागा वेगळ्या. ताजेपणा त्यांना कुणी वर्कशॉपमध्ये शिकवला नाही, रसिकांनी मागून घेतला.

बालगंधर्वांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मार्च १९११ मध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, आणि प्रयोग झाला. आपण ती गोष्ट निष्ठेची म्हणून सांगतो. मला त्यात निष्ठेइतकंच तंत्र दिसतं. आत दुःखाचा डोंगर असताना नायिकेचा, भामिनीचा नखरा बाहेर काढायचा, तर चाल, पदराची पकड, नजर, सूर हे सगळं अंगात इतकं मुरलेलं पाहिजे की मन जागेवर नसतानाही देह चुकणार नाही. हल्ली 'मला ते फील होत नाहीये' म्हणून तालीम थांबवणारी मुलं बघतो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

पथनाट्यवाली

काका, 'फील होत नाहीये' म्हणणारी मी एक. :) पण जरा दुसरी बाजू. नुसतं देहाने केलेलं काम लगेच कळतं हो. आमच्या कॉलेजात एक सीनियर होता, प्रत्येक तालमीत बरोब्बर त्याच वाक्याला डोळ्यांत पाणी. पहिल्यांदा आम्ही थक्क. नंतर सगळे त्या वाक्याची वाट बघायचो आणि विंगेत हसायचो.

मग खरं काय? आतून वाटलं पाहिजे की नाही वाटलं पाहिजे?

रंगीत_तालीम

हे भांडण आपल्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. दिदरो या फ्रेंच लेखकाने अठराव्या शतकातच लिहून ठेवलं की मोठा नट स्वतः थंड असतो आणि प्रेक्षकाला पेटवतो, जो स्वतःच भावनेत वाहून जातो त्याचं काम एक दिवस उत्तम आणि दुसऱ्या दिवशी टुकार. पुढे मॉस्को आर्ट थिएटरच्या स्तानिस्लाव्स्कीने आयुष्य घालवलं ते नटाला भावनेपर्यंत नेणारी भरवशाची वाट शोधण्यात. गंमत म्हणजे त्याची काळजीही हीच होती: पहिल्या प्रयोगाला आलेलं ते पुढच्या प्रयोगांना का येत नाही? उतारवयात तोही शारीरिक कृतींकडेच वळला. भावनेला थेट हाक मारू नका, कृती खरी करा, भावना मागून येते.

आपल्या नाट्यशास्त्रात तर आंगिक, वाचिक, आहार्य यांच्या पंक्तीला सात्त्विक अभिनय बसवलाय. घाम, रोमांच, आवाज कापणं, चेहरा उतरणं, अश्रू हे त्यात येतात. म्हणजे ज्या गोष्टी मनाशिवाय होत नाहीत त्याही 'अभिनय' या सदरातच मांडल्यात. भरतमुनींना यात विरोध दिसला नाही, आपल्याला दिसतो.

तुझ्या सीनियरची अडचण डोळ्यांतल्या पाण्याची नव्हती. तो समोरच्याचं वाक्य ऐकत नव्हता. समोरचा त्या दिवशी हळू बोलला, चिडून बोलला, अडखळला, तरी याचं पाणी ठरलेल्या वेळेला हजर. ऐकलं असतं तर एखाद्या दिवशी पाणी आलंच नसतं, नुसता घसा दाटला असता, आणि तुम्ही हसला नसतात.

कान_नाक_घसा

घसा शब्द आला म्हणून आलो. धंद्याने डॉक्टर आहे, नाटकाचा नाद आहे. डॉ. श्रीराम लागू आमच्याच शाखेचे. बी. जे. मेडिकलला शिकले, पुण्यात प्रॅक्टिस केली, पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या पुण्याच्या नाट्यसंस्थेत भालबा केळकरांबरोबर नाटकं केली, परदेशात राहून आले आणि चाळिशी गाठल्यावर १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात 'नटसम्राट'. स्वरयंत्र म्हणजे काय, ते किती सोसतं, हे आतून माहीत असलेला माणूस त्यातला म्हातारा नट बेलवलकर उभा करत होता. माझ्या मते हा योगायोग नाही.

'मोठा आवाज' आणि 'पोचणारा आवाज' यात मुलं गल्लत करतात. ओरडताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. बोलताना पुरुषाचे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईचे दोनशेच्या आसपास. तीन तास चुकीच्या पद्धतीने आपटले तर सूज येते, महिनोन्‌महिने आपटले तर गाठी येतात. स्पर्धेच्या मोसमात माझ्याकडे बसलेला आवाज घेऊन येणारी मुलं ठरलेली असतात. तालमीत किंचाळलेली असतात, आणि त्यातली निम्मी स्वतःच्या नाही तर दुसऱ्या कॉलेजच्या निकालावर किंचाळलेली असतात.

आवाज पोचतो तो श्वासाच्या आधाराने आणि स्पष्ट उच्चाराने. वाक्य सुरू करताना पोटापासून श्वास घ्या, वाक्याचा शेवट गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे शेवट गिळला की अर्थच गेला. मागच्या रांगेतल्या माणसाला 'मी तिला मारलं'मधलं 'मी तिला' ऐकू येतं आणि पुढे काय झालं ते येत नाही. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार पक्के करा. चार माणसांतला च वेगळा, गुरांच्या चाऱ्यातला वेगळा. ण आणि ळ यांची तर हल्ली दया येते.

आणि व्यावहारिक: तालमीच्या दिवशी पाणी प्या. घसा बसला असेल तर कुजबुजू नका, त्यानेही ताण पडतो, सरळ गप्प बसा. प्रयोगानंतर रात्री साडेबाराला तिखट मिसळ खाऊन लगेच आडवं होणं बंद करा, पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. दोन-तीन आठवडे आवाज नीट झाला नाही तर खडीसाखर चघळत बसू नका, दुर्बिणीने घसा तपासून घ्या.

नारायणपेठी

डॉक्टर, मिसळीवरचा परिच्छेद या संस्थळाच्या धोरणात बसत नाही. संपादकांनी लक्ष घालावं.

डिमर

मी लाइटवाला. आमच्या लोकांना कुणी विचारत नाही, पण बूथमधून नटाचं खरं रूप दिसतं. माझे मुद्दे भावनेचे नाहीत.

एक म्हणजे लाइट घेणं. तुमच्यासाठी चार दिवस खपून स्पॉट लावलाय आणि तुम्ही तीन फूट अलीकडे अंधारात उभं राहून काळीज पिळवटताय, काय उपयोग? जुने नट हॅलोजनच्या स्पॉटची ऊब गालावर घेऊन जागा पकडायचे, खाली खुणेकडे बघायचे नाहीत. आता एलईडीला तेवढी ऊब नाही, त्यामुळे डोळ्याच्या कडेने प्रकाश ओळखायला शिकावं लागतं. चांगला नट तालमीतच विचारतो, "मी इथे उभा राहिलो तर चेहऱ्यावर सावली कुणाची पडते?"

दुसरं, सहकलाकाराला झाकू नका. दुसऱ्याच्या वाक्यावर नाक पुसणं, ग्लास उचलणं, टाळ्यांचं वाक्य पळवणं, हे प्रेक्षकाला लगेच कळत नाही पण वरून मला सगळं दिसतं. ॲडिशन घेणाऱ्यांबद्दल, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं घुसवणाऱ्यांबद्दल, तर बोलायलाच नको. प्रेक्षक हसला की हे सुटले. मागचा बिचारा क्यूची वाट बघत ताटकळतो.

तिसरं, लाफ्टर घेता येणं. हशा चढत असतो तेव्हा थांबायचं, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितलीत तर नाटक बसलं. आधी बोललात तर वाक्य वाया. हे घरी आरशासमोर शिकता येत नाही, त्याला रोज वेगळं थिएटर लागतं. प्रशांत दामले यांनी २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला. लोक तो आकडा विक्रम म्हणून बघतात. मी त्याकडे तेवढ्या वेळा हशा मोजलेला कान म्हणून बघतो.

शेवटचं: दुपारी चारला येऊन रिकाम्या रंगमंचावर एकदा चालून जाणारा, मागच्या रांगेत बसलेल्या पोराला "येतंय का ऐकू?" विचारणारा नट मी ओळखतो. बालगंधर्व रंगमंदिरात उभं राहून बोलणं आणि सुदर्शनच्या छोट्या रंगमंचावर बोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुदर्शनला प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो, बालगंधर्वच्या बाल्कनीतून तुम्ही अंगठ्याएवढे दिसता. एकच काम दोन्हीकडे जसंच्या तसं करणारा नट एका ठिकाणी तरी खोटा वाटतोच.

ऑर्गनवाला

+१. ॲडिशनबद्दल मात्र अपवाद नोंदवतो. तमाशा-वगनाट्यात ती हक्काची असते. आपल्या मावळातल्या इंदोरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न' करायचे, त्यात सावळ्या कुंभार रोज नवा असायचा. समोर कोण बसलंय, गावात काय घडलंय, ते क्षणात उचलायचे आणि तरी कथेचा धागा सुटायचा नाही. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो उगीच नाही. हजरजबाबीपणा हाही नटाचाच गुण. फक्त तो वापरायची मुभा कुठल्या नाटकात आहे हे कळायला हवं.

अकरावीची_आई

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असते, आज लिहितेय. माझी मुलगी अकरावी कॉमर्सला आहे आणि तिला नटीच व्हायचंय. कोथरूडला राहतो. तिचा बाबा म्हणतो की सुंदर दिसत नसेल तर या क्षेत्रात काही होत नाही, उगाच आशा लावू नकोस. मुलगी सावळी आहे, उंची कमी आहे. एका ठिकाणी तीन महिन्यांच्या वर्कशॉपची फी ऐकून मला घेरी आली, वर 'शेवटी मालिकेत संधी' म्हणाले. तुम्ही सगळे अनुभवी दिसता म्हणून विचारते. तिच्यात तो गुण आहे की नाही हे ओळखायचं कसं?

पथनाट्यवाली

ताई, सगळ्यात आधी: 'संधी देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांकडे जाऊ देऊ नका. शिकवण्याची फी घ्यावी, संधीची फी नसते. माझ्या मैत्रिणीने असे पैसे भरले, मग कुणी फोनही उचलला नाही.

रंगीत_तालीम

ताई, दिसण्याबद्दल तुमच्या ह्यांना दोन नावं सांगा. ओम पुरी आणि नीळू फुले. पहिल्यांचा चेहरा देवीच्या व्रणांचा. ते आपल्याच लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले.

नीळूभाऊ तर आपले पुण्याचेच. एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला माणूस. 'सखाराम बाइंडर' केला, आणि सिनेमात पाटील-सावकार असे उभे केले की गावोगावच्या बायका त्यांना खरोखरचा नीच माणूस समजायच्या. प्रत्यक्षात अतिशय सालस आणि चळवळीतला गृहस्थ. त्यांचा आवाज तसा घोगरा, खरखरीत. नटाचा स्वच्छ, कमावलेला आवाज म्हणतात तसा नाही. त्या आवाजाला त्यांनी हत्यार केलं.

'सामना' (१९७५) पुन्हा बघा, खास या धाग्यासाठी बघा. एका चौकटीत डॉ. लागू आणि नीळूभाऊ. डॉक्टरांचा मास्तर प्रत्येक वाक्य विचार करून, चढ-उतार योजून बोलतो. समोर हिंदुराव धोंडे पाटील फक्त बघतो, पान चघळल्यासारखा वेळ चघळतो आणि अर्ध्या वाक्यात उत्तर देतो. दोन पूर्ण वेगळ्या शाळा आणि दोघांचंही ऐकण्यावर घट्ट लक्ष. मग लगेच 'सिंहासन' (१९७९) बघा. तोच नीळूभाऊ, पण पत्रकार दिगू. सत्तेचा तो बेरकी बाज पूर्ण उतरवलेला, सगळं बघणारा आणि काहीच करू न शकणारा माणूस, आणि शेवटचं ते वेडंपिसं हसणं. पाटलाचा एक केसही त्या दिगूत सापडत नाही. चेहरा बदललेला नाही, मेकअपही फार नाही. बदललंय ते वजन, चालण्याची गती, आणि समोरच्याकडे बघायचा हक्क आपल्याला आहे की नाही याची जाणीव.

मुलीतला गुण ओळखायचा असेल तर ती पाहुण्यांसमोर नक्कल किती छान करते ते बघू नका. एखाद्या माणसाबद्दल ती किती बारकाईने बोलते ते बघा. बसमधल्या बाईने सुट्टे पैसे कसे मोजले, शेजारच्या आजोबांना जिन्यावर कुठल्या पायरीला थांबावं लागतं, हे तिला दिसतं का? आणि कंटाळवाणं काम ती पुन्हा पुन्हा करू शकते का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

फोकस_खेचणारा

मुंबईत कॅमेऱ्यावर आहे, मूळ पुण्याचा. धाग्यात सगळे रंगभूमीवाले जमलेत म्हणून कॅमेऱ्याची बाजू.

धागाकर्त्यांचा शंभरावा प्रयोग आमच्याकडे एका दुपारीच होतो. तोच शॉट आधी वाइड, मग एकाचा क्लोज, मग दुसऱ्याचा क्लोज, त्यात विमान गेलं म्हणून पुन्हा, माझा फोकस हुकला म्हणून पुन्हा. आणि शॉट क्रमाने नसतात. नवरा मेल्याचा सीन सकाळी, लग्नाचा संध्याकाळी. कपातला चहा कुठल्या शब्दाला प्यायलात ते लक्षात ठेवायचं, नाहीतर एडिटर शिव्या घालतो. खाली मार्कवर न बघता बरोब्बर मार्कवर थांबायचं, कारण उघड्या लेन्सवर तुम्ही दोन इंच पुढे आलात की डोळे धूसर आणि कान शार्प.

नाटकातून आलेल्या मुलांची अडचण 'लाउड' असण्याची आहे असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. खरी अडचण म्हणजे त्यांना काहीतरी दाखवायची सवय असते. क्लोजमध्ये नुसता विचार केला तरी दिसतो. मात्र विचार करावा लागतो, विचार केल्यासारखा चेहरा करून भागत नाही. सगळ्यात अवघड काम कुठलं सांगू? कॅमेऱ्याच्या पलीकडे बसून समोरच्याच्या क्लोजसाठी वाक्यं देणं. तुमचा चेहरा फ्रेममध्ये नाही, शिफ्ट संपत आलीय, तरी पूर्ण जीव ओतून क्यू देणारे नट मी मोजकेच पाहिलेत. ते सगळे मोठे नट आहेत. काही जण सरळ मेकअप रूममध्ये निघून जातात आणि असिस्टंट डायरेक्टर सपाट आवाजात त्यांची वाक्यं वाचतो.

मालिकांबद्दल एवढंच: संहिता सेटवर येते, वाचून अर्ध्या तासात कॅमेऱ्यासमोर. पाठांतराचा वेग वाढतो, पण विचार करायची सवय मोडते. त्यातूनही स्वतःला जपणारे आहेत, पण त्यांनी सुट्टीच्या दिवसांत नाटक सोडलेलं नाही.

नारायणपेठी

पाठांतराचा विषय निघालाच आहे तर विचारतो. ते करायची काही पद्धत आहे, की नुसतं घोकायचं? आमच्या हौशी संघात एक गृहस्थ आहेत, प्रयोगाच्या दिवशीही नेपथ्यातल्या वर्तमानपत्रात वाक्यं चिकटवून वाचतात. (मी नाही.)

रंगीत_तालीम

"मी नाही" हे लिहायची गरज नव्हती. :)

पद्धत आहे. पहिल्यांदा सपाट पाठ करायचं, एकही सूर न लावता. वाक्याबरोबर सूर पाठ झाला की तो सूर सुटता सुटत नाही आणि मग समोरच्याने काहीही दिलं तरी तुमचं उत्तर तेच. दुसरं, स्वतःच्या वाक्यांइतकीच समोरच्याची वाक्यं पाठ हवीत, कारण तुमचं वाक्य त्याच्यातून निघतं. भांडी घासताना, जिना चढताना म्हणून बघा. हात कामात असताना वाक्य अडखळत नसेल तरच ते पाठ झालं. आणि हे सगळं वाचनाच्या तालमी पुरेशा झाल्यावर. आपला माणूस या क्षणी समोरच्याकडून काय काढू बघतोय हे कळायच्या आत पाठ केलं तर चुकीचा अर्थच घट्ट बसतो.

'आलात?' हा एक शब्द घ्या. सासऱ्याला, उशिरा आलेल्या नवऱ्याला, वसुलीला आलेल्या माणसाला म्हणून बघा. सुरांचे प्रकार शोधत बसायचं कारण नाही, समोर कोण आहे ते नक्की केलं की सूर आपोआप येतो.

लांब स्वगतांना तर याशिवाय इलाजच नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या शेवटी नायिकेचं, बेणारेचं ते भलंमोठं स्वगत आहे. १९६७ मध्ये सुलभा देशपांडे यांनी ते केलं तेव्हापासून कितीतरी मुलींनी ते स्पर्धांत आणि ऑडिशनला म्हटलं असेल. बहुतेक जणी पहिल्या वाक्यापासूनच रडायला लागतात, मग चढायला जागाच उरत नाही. ती बाई विनोद करते, चिडवते, शिकवते, लाजते, आणि अधूनमधून मोडते. प्रत्येक वळणाला ती कुणाशी बोलतेय ते बदलतं, तेवढं शोधलं तरी अर्धं काम झालं.

पथनाट्यवाली

हे सगळं मान्य, पण मूळ तक्रार राहिलीच. शंभरावा प्रयोग आम्हाला कोण देणार? एकांकिकेचे प्राथमिक, अंतिम आणि फार तर दोन-तीन इतर स्पर्धा धरून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे प्रयोग होतात. निकाल लागला की सेट कॉलेजच्या जिन्याखाली. तुमच्या पिढीला संस्था होत्या, आम्हाला व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

ऑर्गनवाला

हा प्रश्न मात्र रास्त आहे. पीडीएने १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' केलं, पुढे ते थिएटर अकादमीने चालवलं, १९८० मध्ये युरोपात नेलं. डॉक्टर मोहन आगाशे मनोविकारांवरची प्रॅक्टिस सांभाळून वर्षानुवर्षं त्यातला नाना फडणवीस करत राहिले. एवढी माणसं एकत्र गातायत, नाचतायत, माणसांचाच पडदा होतोय, तो गट टिकला म्हणून त्यातले नट घडले. पडद्यातल्या कडेच्या बामणालाही ताल चुकवून चालत नव्हतं. समूहात तिसऱ्या रांगेत उभं राहून काम शिकणं, ही शाळा आता खरंच कमी झाली.

रंगीत_तालीम

कमी झाली, बंद नाही झाली. विद्यापीठातलं ललित कला केंद्र आहे, तिथे वर्षं देऊन शिकता येतं. फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा अभ्यासक्रम मधे बंद होता, २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. ग्रिप्स या जर्मन धर्तीची मुलांसाठीची नाटकं आपल्याकडे १९८६ पासून होतायत, त्यात मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात. बालिश न होता लहान होता येणं यासारखा व्यायाम नाही. आणि छोट्या जागांत आपल्या खर्चाने पंधरा-वीस प्रयोग करणारे गट पुण्यात आजही आहेत. पैसे मिळत नाहीत, नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन तर विसराच.

तुमची बक्षीस मिळालेली एकांकिका जिन्याखाली का टाकता? सोसायटीच्या हॉलमध्ये, गावच्या शाळेत, वाचनालयात करा. सेट नको, दोन खुर्च्या पुरेत. 'आव्वाज कुणाचा'वाले समोर नसतील तेव्हा कुठली वाक्यं खरोखर चालतात ते कळेल. माझा अंदाज, निम्मी चालणार नाहीत. तीच निम्मी पुन्हा तालमीला घ्या.

अकरावीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. तिने जिन्यावरच्या आजोबांचं विचारल्याबरोबर "सातव्या पायरीला, तिथे कठडा सैल आहे म्हणून" असं उत्तर दिलं. मला राहत्या घराचं हे माहीत नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. आता क्लास नेमका कुठला लावू?

डिमर

ताई, एवढ्यात क्लास नको. वर्षभर नाटकं दाखवा, हौशी संघात बॅकस्टेजला पाठवा. प्रॉपर्टी लावेल, विंगेत उभी राहून तेच नाटक पुन्हा पुन्हा बघेल. नट काय करतो ते प्रेक्षागृहातून दिसतं, कसं करतो ते विंगेतून. अभ्यास बुडू नये म्हणून वेळ आधीच ठरवून घ्या आणि रात्री घरी सोडायची जबाबदारी कुणाची हेही विचारून घ्या. नीट उत्तर न देणारा संघ सोडून द्या.

कान_नाक_घसा

आणि रोज अर्धा तास मोठ्याने वाचन. वर्तमानपत्राचा अग्रलेखही चालेल, तो नीट वाचता आला तर काहीही वाचता येईल.

पथनाट्यवाली

रंगीत_तालीम सर, तुमचं चॅलेंज घेतलं. आमची गेल्या वर्षीची एकांकिका पुन्हा उभी करतोय, पहिला प्रयोग आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. एक मुलगा नोकरीला लागला, त्याची रिप्लेसमेंट शोधतोय. अकरावीच्या ताईंच्या मुलीला प्रॉम्प्टिंगला घ्यायला आवडेल, आई बरोबर बसल्या तरी चालेल. डिमरकाका, दोन स्पॉट मिळतील का? पैसे नाहीत, चहा आहे.

डिमर

मिळतील. पाठांतर झालं की फोन कर. त्याआधी मी शिडीवर चढत नाही.

नारायणपेठी

रिप्लेसमेंटचं वय किती धरलंय? वर्तमानपत्र माझं मी घेऊन येईन.